धारवाड, मालाड, डॅनबरी

१९६१ साली आलेल्या 'हम दोनो'मध्ये देव आनंद दोन आहेत आणि त्या दोघांना दोन आया आहेत. कॅप्टन आनंदची आई लीला चिटणीस, मेजर वर्माची आई ललिता पवार. मेजरची बायको झाली आहे नंदा. नंदा ही मास्टर विनायकांची मुलगी. आणि पंचवीस वर्षांपूर्वी, १९३६ साली, याच मास्टर विनायकांनी कोल्हापुरात हंस पिक्चर्सचा पहिला चित्रपट 'छाया' काढला, तेव्हा वि. स. खांडेकरांच्या त्या कथेची नायिका होत्या लीला चिटणीस. वडिलांच्या चित्रपटातली नायिका मुलीच्या चित्रपटात आईच्या भूमिकेत, तीही तिच्या नवऱ्याच्या नव्हे, तर त्याच चेहऱ्याच्या दुसऱ्या माणसाच्या आईच्या! कोल्हापूरचा एवढा मोठा इतिहास एका हिंदी चित्रपटात शेजारी शेजारी उभा आहे, पण थिएटरात बसलेल्या प्रेक्षकाला त्याची गंधवार्ताही नव्हती. त्याला दिसली ती आई.

हिंदी पडद्यावरची सोसणारी, खोकणारी, मुलाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली आई म्हणजे लीला चिटणीस, हे समीकरण इतकं पक्कं बसलं की त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं सगळं गाडलं गेलं. अलीकडे पंधराएक वर्षांची एक धडाडीची कारकीर्द होती: प्रायोगिक नाटक, स्टंटपट, बोलपटांतली नायिका, स्वतःचं गाणं, स्वतःची निर्मिती. पलीकडे होतं परदेशातलं म्हातारपण. १९८०च्या दशकाच्या अखेरीस लीलाबाई मुलांकडे अमेरिकेला गेल्या. १४ जुलै २००३ रोजी कनेक्टिकट राज्यातल्या डॅनबरी या गावी एका शुश्रूषागृहात त्यांचं निधन झालं. तेव्हा त्या ९३ वर्षांच्या होत्या.

धारवाडला जन्मलेली, मुंबईत गाजलेली आणि न्यूयॉर्कच्या ईशान्येच्या एका लहानशा शहरात संपलेली ही कारकीर्द मराठी माणसाच्या स्मरणातून एवढी का निसटली, हे बघायचं तर ती सुरुवातीपासून पाहायला हवी.

लीलाबाईंचा जन्म ९ सप्टेंबर १९०९चा. माहेरचं आडनाव नगरकर. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. कानडी आणि मराठी तिथे एकाच गल्लीत बोलल्या जात, आणि शिकलेल्या घरांत इंग्रजीही होती. वडील इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक. त्यामुळे नाटक या मुलीच्या आयुष्यात आधी आलं ते पुस्तकातून; तंबूतून किंवा बिऱ्हाडी नाटक कंपनीतून नव्हे. त्या काळातल्या बहुतेक नटनट्यांचा प्रवास याच्या उलट असे. हा फरक पुढे त्यांच्या नाटकांच्या निवडीत शेवटपर्यंत दिसतो.

लग्न फार लवकर झालं, डॉ. गजानन यशवंत चिटणीस यांच्याशी. पती वयानं बरेच मोठे, विचारांनी सुधारक. घरात स्वातंत्र्यचळवळीची ऊब होती. क्रांतिकारक विचारवंत मानवेंद्रनाथ रॉय १९३०च्या डिसेंबरात गुपचूप हिंदुस्थानात परतले आणि जुलै १९३१मध्ये मुंबईत पकडले गेले. मधल्या काळात ज्या घरांनी अटकेची जोखीम पत्करून त्यांना आसरा दिला, त्यांत चिटणीसांचंही घर होतं. पोलीस ज्याच्या मागावर आहेत अशा माणसाला घरात जेवायला वाढणारी ही गृहिणी पुढे पदवीधर झाली आणि चार मुलांची आई झाली. हे लग्न मात्र टिकलं नाही. चार मुलं पदरात असलेल्या त्या बाईसमोर पोटापाण्याचा प्रश्न उभा राहिला. आधी शाळेत शिक्षिकेची नोकरी केली. मग नाटक.

ज्या वेळी त्या रंगभूमीवर आल्या, ती वेळ मोठी चमत्कारिक होती. १४ मार्च १९३१ला 'आलम आरा' लागला, पुढच्या फेब्रुवारीत प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला, आणि नाटक कंपन्यांची बिऱ्हाडं एकेक करून मोडायला लागली. बालगंधर्वांसारखा नट कर्जाखाली वाकला होता. नाटक संपलं, असं भले भले म्हणत होते. नेमक्या त्या पडत्या काळात १९३३ साली मुंबईत 'नाट्यमन्वंतर' ही संस्था उभी राहिली. श्री. वि. वर्तक, के. नारायण काळे, अनंत काणेकर, केशवराव भोळे, केशवराव दाते अशी मंडळी त्यामागे होती. १ जुलै १९३३ला त्यांनी 'आंधळ्यांची शाळा' रंगमंचावर आणलं. मूळ नाटक नॉर्वेच्या ब्यर्न्सनचं, मराठी रूप वर्तकांचं. लग्नाआधीच्या चारित्र्याची जी अट समाज मुलीला घालतो, तीच मुलग्याला का नाही, हा त्याचा विषय. रंगलेले पडदे गेले, भिंती-दारं असलेली खरी खोली रंगमंचावर आली. पल्लेदार गाण्यांची जागा मोजक्या गाण्यांनी घेतली. आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या.

या शेवटच्या गोष्टीचं वजन आज सहज कळत नाही. मराठी रसिकानं तोवर 'आदर्श स्त्री' पाहिली होती ती बालगंधर्वांच्या रूपात. साडी कशी नेसावी, मान किती झुकवावी, पदर कसा सावरावा, हे घराघरांतल्या बायका एका पुरुषाकडे बघून शिकल्या होत्या. अशा प्रेक्षकांपुढे सुशिक्षित घरातली बाई स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या चालीनं उभी राहणार, म्हणजे तिला एका फार मोठ्या कलावंतानं घडवलेल्या सवयीशी झगडायचं होतं. ज्योत्स्ना भोळे यांनी ते केलं. नाट्यमन्वंतराच्या पुढच्या नाटकांत लीला चिटणीस यांनी केलं. १९३४चं 'उसना नवरा' हे त्यांचं गाजलेलं नाटक. विनोदी नाटक, हे मुद्दाम लक्षात ठेवायला हवं. जिला पुढची सगळी पिढी रडताना बघणार होती, तिनं पहिलं नाव कमावलं ते हसवून. पुढे 'उद्याचा संसार'च्या निमित्तानं त्यांनी स्वतःची मंडळीही उभी केली.

नाट्यमन्वंतर दोनेक वर्षांतच मिटलं. प्रयोगशील संस्थांचं आपल्याकडे जे होतं तेच झालं: टाळ्या भरपूर, गल्ला तुटपुंजा. चार मुलांच्या आईला टाळ्यांवर घर चालवता येत नव्हतं. स्टुडिओत महिन्याचा पगार मिळे. लीलाबाई चित्रपटांत गेल्या त्या किरकोळ कामांपासून सुरुवात करून. 'श्री सत्यनारायण', 'धुवाँधार' ही १९३५ची नावं. मग 'छाया'. मग १९३७मध्ये प्रभातचा 'वहाँ', ज्याचे दिग्दर्शक होते नाट्यमन्वंतरातले जुने सहकारी के. नारायण काळे. त्याच वर्षी 'जंटलमन डाकू' आला. त्यात लीलाबाईंनी पुरुषी पोशाख चढवून एका सफाईदार बदमाशाची भूमिका केली, आणि जाहिरातीत त्यांची ओळख दिली गेली ती महाराष्ट्रातली पडद्यावरची पहिली पदवीधर कुलीन स्त्री म्हणून. पडद्यावर डाकू, जाहिरातीत पदवीधर कुलीन बाई! निर्मात्यांना दोन्ही विकायचं होतं. दुर्गा खोटे यांनी 'अयोध्येचा राजा'त काम केल्यापासून चांगल्या घरातली बाई सिनेमात येऊ शकते हे लोकांनी पाहिलं होतं, पण पचवलं नव्हतं. पदवी ही त्या बाईची ढाल होती.

१९३८चा सोहराब मोदींचा 'जेलर' हा या काळातला सर्वांत धारदार चित्रपट. लीलाबाईंची कंवल नवऱ्याला सोडून प्रियकराबरोबर निघून जाते. नवरा तिला परत आणतो आणि घरातच कैद करतो. पोटच्या मुलीशी बोलायचीही तिला बंदी. मोदींचा खर्जातला आवाज सगळा पडदा व्यापून टाकतो, आणि समोर लीलाबाई आवाज चढवण्याच्या फंदात पडत नाहीत. पुढच्याच वर्षी रणजित मूव्हीटोनच्या 'संत तुलसीदास'मध्ये विष्णुपंत पागनिसांसमोर त्या रत्नावली झाल्या. घर सोडणारी बायको आणि नवऱ्याला संसारातून बाहेर काढणारी बायको, दोन वर्षांत दोन टोकं.

याच सुमारास मालाडहून बोलावणं आलं.

मालाडचा बॉम्बे टॉकीज स्टुडिओ ही वेगळीच दुनिया होती. हिमांशू राय आणि देविका राणी यांनी तो उभारला. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, छायालेखक जोसेफ विर्शिंग ही जर्मन माणसं तिथे पगारावर होती. हातातली पटकथा पक्की असल्याशिवाय कॅमेरा फिरत नसे. सप्टेंबर १९३९मध्ये युद्ध सुरू झालं आणि ब्रिटिश सरकारनं या जर्मनांना स्थानबद्ध केलं. ऑस्टेन पुढे जर्मनीला गेले. विर्शिंग इथेच राहिले, 'महल' आणि 'पाकीज़ा'ला त्यांनी प्रकाश दिला आणि मुंबईतच त्यांनी देह ठेवला. परदेशातून येऊन इथला होऊन गेलेल्या या कलावंताचं नाव आपण अभिमानानं घेतो. इथून तिकडे गेलेल्यांचं घेतो का, हा प्रश्न या लेखात पुन्हा येणार आहे.

ऑस्टेन यांच्याच दिग्दर्शनाखाली १९३९चा 'कंगन' झाला. बॉम्बे टॉकीजची नायिका म्हणजे देविका राणी, हा तोवरचा रिवाज होता. तिच्या जागी लीला चिटणीस उभ्या राहिल्या. साधूनं वाढवलेली राधा आणि जमीनदाराचा मुलगा, अशी गोष्ट. नायक अशोककुमार. चित्रपट तुफान चालला. त्यामागोमाग 'बंधन', 'आज़ाद', 'झूला'. अशोककुमार-लीला चिटणीस ही देशाची आवडती जोडी झाली. गीतकार प्रदीप यांची कारकीर्दही 'कंगन'पासूनच सुरू झाली. पार्श्वगायनाचा जमाना अजून पुरता आला नव्हता, त्यामुळे लीलाबाई आपली गाणी आपणच गात. आवाज बेताचा, पण बोलण्याच्या जवळ राहणारा. गाणं सुरू झालं म्हणून पात्र बदललं, असं त्यांच्या बाबतीत वाटत नाही.

इथे एक हिशेब मांडून बघण्यासारखा आहे. 'कंगन' आला तेव्हा लीलाबाई तिशीच्या होत्या आणि चार मुलांच्या आई होत्या. नायक त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान. आजही तिशीतल्या, लेकुरवाळ्या नटीला मुख्य भूमिका द्यायला निर्माता चारदा विचार करतो. १९३९ साली ते घडलं, आणि प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं. १९४१मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकणारी पहिली भारतीय तारका ठरल्या त्याही लीला चिटणीसच. तोवर त्या साबणावर हॉलिवूडच्या नट्यांचं राज्य होतं.

अशोककुमार यांनी पुढे मोकळेपणानं कबूल केलं होतं की डोळ्यांनी कसं बोलायचं हे आपण लीला चिटणीस यांच्याकडून शिकलो. हिंदी चित्रपटातल्या संयत, सहज अभिनयाचे जनक म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं, त्या माणसाची ही कबुली आहे. 'झूला' पुन्हा बघितला की तिचा अर्थ कळतो. दोन भाऊ आणि दोघांच्या मधे सापडलेली गीता, असा साधा मामला. समोरचा बोलत असताना लीलाबाई काय करतात ते बघावं. वाक्य ऐकू आल्यावर पापणी आधी हलते, मग नजर वळते, आणि उत्तर ओठांवर येईपर्यंत प्रेक्षकाला ते कळून चुकलेलं असतं. रंगमंचावर हे शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही; तिथे मान वळवावी लागते, पाऊल टाकावं लागतं. नाट्यमन्वंतराच्या खोलीवजा नेपथ्यात, कमी आवाजात, संवादाच्या मधल्या जागा भरायला शिकलेली नटी कॅमेऱ्यासमोर आली आणि तिनं तीच गोष्ट आणखी लहान केली. मराठी प्रायोगिक नाटकानं हिंदी चित्रपटाला दिलेली ही देणगी आहे, आणि तिची नोंद कुठल्याही इतिहासात ठळकपणे व्हायला हवी.

मग उतरण. हिमांशू राय १९४०मध्ये वारले, स्टुडिओत तट पडले. युद्धानं कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण आलं, मासिक पगाराची पद्धत मोडली, काळ्या पैशानं नवे निर्माते आणले. लीलाबाईंनी १९४२मध्ये 'किसी से ना कहना' स्वतः काढला. पण नायिकेच्या खुर्चीवर नव्या मुली येऊन बसत होत्या.

१९४८ साली फिल्मिस्तानचा 'शहीद' आला. दिग्दर्शक रमेश सैगल, नायक दिलीपकुमार. लीला चिटणीस नायकाची आई झाल्या. तेव्हा त्यांचं वय होतं ३८-३९, दिलीपकुमारचं पंचवीस. इंग्रजी राजवटीशी झुंजणारा मुलगा, सरकारी नोकरीशी इमान राखणारा बाप, आणि दोघांच्या मधे तीळतीळ तुटणारी आई. भूमिका अशी वठली की निर्मात्यांनी दुसरं काही द्यायचंच थांबवलं. बिमल रॉय यांचा 'माँ', राज कपूरचा 'आवारा', 'साधना', 'काला बाज़ार', 'गंगा जमना', 'गाइड'. पुढची वीस-बावीस वर्षं नायक बदलत राहिले, आई तीच. आणि ज्या अशोककुमारबरोबर त्या झुल्यावर बसल्या होत्या, ते दोन वर्षांनीच लहान असलेले अशोककुमार १९५८च्या 'हावडा ब्रिज'मध्ये अजून मधुबालाचे नायक होते. नटाला आणि नटीला काळ एकाच गतीनं म्हातारं करत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधावा लागणार नाही.

या आयांमध्येही त्यांनी एकसारखेपणा येऊ दिला नाही, हे त्यांचं श्रेय. 'आवारा'त त्या आधी तरुण पत्नी आहेत. दरोडेखोरानं पळवून नेल्यामुळे संशयाची बळी ठरलेली, गरोदरपणात नवऱ्यानं घराबाहेर काढलेली. पृथ्वीराज कपूर यांच्या करड्या न्यायाधीशासमोर ती बाई ज्या अविश्वासानं बघते, त्यात सीतेची कथा तर आहेच, पण एक सरळ, आजचा संतापही आहे. 'गंगा जमना'तली गोविंदी जमीनदाराच्या घरी राबते आणि चोरीचा खोटा आळ तिचा जीव घेतो. 'गाइड'मधली राजूची आई मात्र सोसत बसत नाही. मुलानं दुसऱ्याची बायको घरात आणल्यावर ती विरोध करते, आणि मुलगा ऐकत नाही म्हटल्यावर घर सोडून भावाबरोबर निघून जाते. त्या दृश्यात प्रेक्षक नायकाच्या बाजूनं असतो आणि तरीही आईचं म्हणणं त्याला खोटं वाटत नाही. हे साधणं सोपं नाही.

पण लीलाबाईंच्या मनात काय चाललं होतं याचा खरा सुगावा लागतो तो पडद्याबाहेर. १९५५मध्ये त्यांनी 'आज की बात' हा चित्रपट दिग्दर्शित केला. स्त्री दिग्दर्शक हाताच्या बोटांवर मोजाव्यात असा तो काळ. आणि १९५७मध्ये त्या नाटकाकडे वळल्या. सॉमरसेट मॉमच्या 'सेक्रेड फ्लेम' या नाटकाचं मराठी रूप 'एक रात्री अर्धा दिवस' त्यांनी स्वतः लिहिलं आणि स्वतः बसवलं.

मूळ नाटकाची गोष्ट अशी. विमान अपघातात लुळापांगळा होऊन अंथरुणाला खिळलेला तरुण एका सकाळी मेलेला आढळतो. त्याची सेवा करणारी परिचारिका म्हणते, हा खून आहे. संशय घरातल्या एकेकावरून फिरत जातो. शेवटी कळतं की झोपेचं औषध जास्त देऊन त्याला सोडवलं ते त्याच्या आईनं. 'शहीद' ते 'गाइड' या प्रवासाच्या ऐन मध्यावर, देशभर सोशिक माता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नटीनं मराठी रंगभूमीसाठी निवडलं ते हे नाटक. यातली आई रडत नाही. ती विचार करते, निर्णय घेते, आणि त्याची जबाबदारी अंगावर घेते. निर्मात्यांनी ज्या चौकटीत त्यांना बसवलं होतं, तिला लीलाबाईंनी दिलेलं हे उत्तर होतं, आणि ते त्यांनी मायबोलीत दिलं. त्यांच्यावर जे काही थोडं लिहिलं जातं त्यात हे नाटक एका ओळीत उरकलं जातं. त्यांच्या सगळ्या कामात कदाचित सर्वांत मोलाचं तेच असेल.

१९८१ साली 'चंदेरी दुनियेत' हे त्यांचं आत्मचरित्र आलं. पुढच्याच वर्षी दुर्गा खोटे यांचं 'मी, दुर्गा खोटे' आलं. दुर्गाबाईंना १९८३चा फाळके पुरस्कार मिळाला. लीलाबाईंच्या वाट्याला तो आला नाही. त्यानंतर काही वर्षांत त्यांनी देश सोडला.

हे जाणं समजून घ्यायचं तर तेव्हाची मराठी घरं आठवावीत. १९६५च्या कायद्यानं अमेरिकेनं आशियाई लोकांसाठी दार उघडलं. पुण्या-मुंबईचे डॉक्टर, इंजिनियर गेले, तिथे नागरिक झाले. नागरिकाच्या आईवडिलांना तिथे कायमचं राहायला परवानगी मिळणं सोपं होतं. त्यामुळे ऐंशीच्या दशकात आपल्याकडच्या चाळींतून आणि बंगल्यांतून आईवडील निघाले. कुणी नातवंडं सांभाळायला, कुणी म्हातारपणी मुलांजवळ असावं म्हणून. लीलाबाई तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या. अमेरिकेला नटी गेलीच नव्हती, आई गेली होती. पडद्यावर वर्षानुवर्षं जिची वाट बघण्यात हयात गेली, ती आई आता विमानात बसून मुलांकडे निघाली.

कलावंतानं परदेशी जाण्याचे इतरही रस्ते आपण पाहिले आहेत. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद म्हणून टांझानियात गेले आणि नाटक सुटत नाही म्हणून परतले. १९६९मध्ये शस्त्रक्रियेची हत्यारं बाजूला ठेवून पूर्णवेळ नट झाले, आणि पुढच्याच वर्षी 'नटसम्राट'. शांतारामबापूंची मुलगी राजश्री ऐन भरात लग्न करून लॉस एंजेलिसला गेली आणि चित्रपटाकडे तिनं वळून पाहिलं नाही. 'निवडुंग'ची अर्चना जोगळेकर न्यू जर्सीत आईच्या नृत्यालयाची परंपरा पुढे नेते आहे. अश्विनी भावे सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहते आणि 'ध्यानीमनी', 'मांजा' अशा चित्रपटांसाठी परत येते. फिलाडेल्फियाच्या डॉ. मीना नेरुरकरांनी तर 'सुंदरा मनामध्ये भरली'मधून लावणी अमेरिकेतून उलट इकडे आणली. विमान स्वस्त झालं, बृहन्महाराष्ट्र मंडळाची अधिवेशनं भरू लागली, तिकडे मराठी प्रेक्षक तयार झाला. तरुण वयात गेलेल्याला हे सगळं उपयोगी पडतं. ऐंशीच्या घरात गेलेल्याला प्रेक्षकाकडे चालत जाता येत नाही, प्रेक्षकानं त्याच्याकडे यावं लागतं.

कलावंताचं स्थलांतर बघायला अमेरिकाच गाठायला हवी असंही नाही. नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यात सातपुड्याच्या कुशीत काठी नावाचं गाव आहे. जुन्या संस्थानाचं ठिकाण. इथली राजवाडी होळी १२४६ सालापासून चालत आल्याचं सांगतात. या मुलखातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला, बांधकामाला जातात, आणि होळीला परततात. होळीत बावा-बुध्या होऊन नाचणारे पुरुष आधी काही दिवस पालनी, म्हणजे व्रत, पाळतात. खाटेवर झोपत नाहीत, पायात काही घालत नाहीत. होळीच्या रात्री अंगावर राखेचे आणि तांदळाच्या पिठाचे ठिपके, डोक्यावर बांबू आणि मोरपिसांचा उंच टोप, कमरेला वाळक्या भोपळ्यांची माळ आणि घुंगरं. पाऊल पडलं की भोपळे एकमेकांवर आपटून खडखडतात आणि ढोलाच्या ठेक्याला दुसरा ठेका मिळतो. पहाटे होळी पेटेपर्यंत हे चालतं. महिन्याभरापूर्वी हाच माणूस परमुलखात कोयता चालवत होता. गावानं त्याची जागा धरून ठेवलेली असते. तो यायचा, हे सगळ्यांना माहीत असतं, आणि त्याला स्वतःलाही.

लीलाबाईंची जागा कुणी धरून ठेवली नाही. हे दूषण कुणा एका संस्थेला नाही. मराठी नाटकवाल्यांनी त्यांना हिंदीतली मानलं, हिंदीवाल्यांनी आई मानलं, आणि त्या अमेरिकेला गेल्यावर दोघांनीही विषय मिटवला. त्या गेल्याची बातमी आली तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सनं त्यांच्यावर मृत्युलेख छापला. आपल्याकडे पुष्कळांना, त्या इतकी वर्षं हयात होत्या याचंच नवल वाटलं.

करता येण्याजोग्या गोष्टी मात्र अजून आहेत. 'चंदेरी दुनियेत' पुन्हा छापून सहज हातात पडेल असं करायला हवं. नाट्यमन्वंतरावर बोलताना 'आंधळ्यांची शाळा'पाशी न थांबता 'उसना नवरा'पर्यंत यायला हवं, आणि 'एक रात्री अर्धा दिवस'चं अभिवाचन एखाद्या नाट्यसंस्थेनं करावं. आईच्या हातून मुलाची सुटका हा विषय दयामरणाच्या आजच्या चर्चेत जराही शिळा झालेला नाही. चित्रपट बघायचे असतील तर रडक्या आईपासून सुरुवात करू नये. आधी 'झूला' बघावा, मग 'कंगन', मग 'आवारा'चा पूर्वार्ध, आणि त्यानंतर 'शहीद'. या क्रमानं पाहिलं की 'शहीद'मधली ती एकोणचाळिशीची बाई पांढरे केस लावून बसली आहे, हे पहिल्याच दृश्यात दिसतं.